कॅन्सस जेहॉक्स : ज्या कॉलेजात बास्केटबॉल मोठा झाला त्या टीमबद्दल बोलूया

सांजवारा (धागाकर्ती)

एनबीएच्या (अमेरिकेतली व्यावसायिक बास्केटबॉल लीग) धाग्यावर मागे कुणीतरी विचारलं होतं की अमेरिकेतली माणसं कॉलेजच्या टीमसाठी एवढी जीव का टाकतात, पोरं तर दोन-चार वर्षांत निघून जातात. तिथे उत्तर लिहायला बसले आणि ते इतकं वाढलं की म्हटलं वेगळा धागाच काढू. मी युनिव्हर्सिटी ऑफ कॅन्ससमध्ये (सगळे तिला केयू म्हणतात, टीमचं नाव जेहॉक्स) एमएस केलं, लॉरेन्स नावाच्या छोट्या गावात. तिथे जाईपर्यंत बास्केटबॉल म्हणजे शाळेच्या मैदानातल्या गंजलेल्या रिंगा एवढंच माहीत होतं आणि आता मार्च महिना (कॉलेजांची राष्ट्रीय टुर्नामेंट तेव्हा असते) आला की माझं कामात लक्ष लागत नाही.

तर गोष्ट सुरुवातीपासून. बास्केटबॉल हा खेळ एका माणसाने बसून तयार केलाय, जेम्स नायस्मिथ, मूळचा कॅनडाचा. डिसेंबर १८९१, मॅसॅच्युसेट्समधल्या स्प्रिंगफील्डची वायएमसीएची ट्रेनिंग स्कूल, बाहेर कडक थंडी, पोरांना आत जिममध्ये खेळायला काहीतरी हवं म्हणून त्याने पीचच्या दोन टोपल्या वर ठोकल्या आणि १३ नियम लिहून काढले. हाच माणूस १८९८ मध्ये कॅन्ससला आला, चॅपलचं काम बघायला आणि शारीरिक शिक्षण शिकवायला. त्याने तिथे टीम सुरू केली आणि १९०७ पर्यंत चालवली. त्याचा रेकॉर्ड ५५ विजय आणि ६० पराभव. केयूच्या सगळ्या इतिहासात जिंकण्यापेक्षा जास्त हरलेला कोच हा एकटाच, म्हणजे ज्याने खेळ शोधला तोच! मला ही गोष्ट फार आवडते, कारण नायस्मिथला जिंकण्यात तेवढा रसच नव्हता, पोरांचं शरीर आणि स्वभाव घडावा हा त्याचा हेतू होता आणि कोचिंग वगैरे प्रकार त्याला पटतच नसे.

आणि त्याच्याच हाताखाली खेळलेला फॉग ॲलन. ॲलनला कोच व्हायचं होतं तेव्हा नायस्मिथने त्याला सांगितलं म्हणे की बास्केटबॉल काही शिकवायचा नसतो, तो नुसता खेळायचा असतो. ॲलनने ऐकलं नाही. १९०७ ते ०९ आणि मग १९१९ ते १९५६ इतकी वर्षं तो केयूचा कोच होता, तिथे ५९० मॅचेस जिंकल्या, कोच लोकांची राष्ट्रीय संघटना उभी करण्यात पुढे होता, त्याच संघटनेने १९३९ मध्ये पहिली एनसीएए टुर्नामेंट (कॉलेजांची राष्ट्रीय स्पर्धा) भरवली, बास्केटबॉल ऑलिंपिकमध्ये यावा म्हणून त्याने वर्षानुवर्षं पिच्छा पुरवला आणि १९३६ ला बर्लिनमध्ये तो आला तेव्हा पहिल्या मॅचला बॉल उडवायला म्हातारा नायस्मिथ स्वतः हजर होता. फायनल बाहेर टेनिसच्या मातीच्या कोर्टवर, धो धो पावसात झाली, चिखलात बॉल टप्पाच घेईना, अमेरिका १९, कॅनडा ८.

ॲलनच्या हाताखाली खेळलेले दोघं नंतर कुठे गेले बघा. ॲडॉल्फ रप केंटकीला गेला, तिथे ८७६ मॅचेस जिंकल्या. डीन स्मिथ १९५२ च्या चॅम्पियन टीममध्ये राखीव खेळाडू होता, तो नॉर्थ कॅरोलिनाला गेला आणि ८७९ जिंकल्या. म्हणजे आज कॉलेज बास्केटबॉलमधली जी सगळ्यात मोठी घराणी मानली जातात त्यातली दोन कॅन्ससच्याच माणसांनी मोठी केली. माझं स्पष्ट मत आहे की केयूचं मोठेपण ट्रॉफ्या मोजून कळत नाही. या टीमने खेळ सांभाळला आणि दुसऱ्यांना दिला, आणि स्वतः मात्र कितीतरी वेळा अगदी दाराशी येऊन हरली.

लिहा सगळ्यांनी. कुणी तिकडे राहिलेलं असेल तर आवर्जून लिहा.

---

फुलटॉस

छान लिहिलंय. पण मी सरळ विचारतो, राग मानू नका. एवढी जुनी टीम, एवढे मोठे खेळाडू, आणि एनसीएए टायटल किती? चार. १९५२, १९८८, २००८, २०२२. बाकीची कॉलेजं बघा, यूसीएलएकडे ११, केंटकीकडे ८, नॉर्थ कॅरोलिना आणि यूकॉनकडे ६-६, ड्यूककडे ५. ट्रॉफ्या मोजायच्या नाहीत हे ज्यांच्याकडे कमी असतात तेच बोलतात असं मला नेहमी वाटतं. जॉन वुडनच्या यूसीएलएने १९६४ ते १९७५ या १२ वर्षांत १० टायटल घेतली, मधे सलग ८८ मॅचेस जिंकल्या. घराणं म्हणायचं तर ते.

---

सांजवारा

राग कशाला मानू, प्रश्न बरोबरच आहे. यूसीएलएचं ते राज्य परत कुणाला जमणार नाही हे मला मान्यच आहे.

पण टुर्नामेंट कशी असते ते बघा ना. एनबीएसारखी सातपैकी चारची सिरीज नाही. एक मॅच हरलात की घरी. आता ६८ टीम्स असतात, ओळीने सहा मॅचेस जिंकायला लागतात आणि वीस वर्षांच्या पोराचा एक दिवस वाईट गेला की पूर्ण सीझन पाण्यात. वुडनच्या काळात टीम्स खूप कमी असायच्या, चार किंवा पाच मॅचेसमध्ये टायटल मिळायचं, हे त्यांचं मोठेपण कमी करायला नाही सांगत, फक्त फरक सांगतेय.

म्हणून मला कॉन्फरन्स लीगचं (कॉलेजांच्या एका गटाची आपापसातली लीग) यश जास्त खरं वाटतं. तिथे दोन महिने खेळावं लागतं, दुसऱ्यांच्या गावात जाऊन, बर्फातून प्रवास करून, एका रात्रीच्या नशिबावर काही चालत नाही. केयूचा कोच बिल सेल्फ, त्याच्या टीमने २००५ ते २०१८ सलग १४ वेळा बिग ट्वेल्व्ह (केयूची कॉन्फरन्स) जिंकली. यूसीएलएचा विक्रम १३ चा होता. (२०१८ च्या टायटलचं पुढे काय झालं ते मला माहीत आहे, कुणी काढलं तर त्यावरही बोलू.)

---

विदर्भाचा पाटील

सांजवाराताई, धागा लय भारी. आमच्या नागपुरात बास्केटबॉलचं वेड जुनं आहे बरं, शिवाजीनगरच्या ग्राउंडवर संध्याकाळी जाऊन बघा, लहान लहान पोरी ड्रिबल करत असतात.

मला विल्ट चेंबरलेनबद्दल ऐकायचंय. एका मॅचमध्ये १०० पॉइंट्सवाला तोच नं? तो कॅन्ससचाच होता हे माहीत नव्हतं मला.

---

सांजवारा

@विदर्भाचा पाटील, तोच. १०० पॉइंट्स १९६२ मध्ये, एनबीएमध्ये. त्याआधी तो केयूला होता आणि ती गोष्ट मी निवांत सांगते कारण या टीमच्या इतिहासात मला सगळ्यात जवळची तीच वाटते.

विल्ट मूळचा फिलाडेल्फियाचा, सात फुटांच्या वर उंच, देशातल्या सगळ्या कॉलेजांना तो हवा होता आणि त्याला कॅन्ससला आणलं म्हाताऱ्या फॉग ॲलनने. पण तेव्हा नियम असा होता की पहिल्या वर्षाच्या मुलांना मुख्य टीममध्ये खेळता येत नसे. आणि सरकारी नोकरीतला माणूस ७० ला निवृत्त. ॲलन ७० चा झाला, त्याने खूप धडपड केली एक-दोन वर्षं वाढवून मिळावीत म्हणून, नाही मिळाली. म्हणजे आयुष्यभर वाट बघितली असा खेळाडू हाती आला आणि त्याला कोच करायची वेळ आली तेव्हा घरी बसावं लागलं. १९५६ ला डिक हार्प कोच झाला.

विल्टची पहिलीच मोठी मॅच नॉर्थवेस्टर्नविरुद्ध, ५२ पॉइंट्स आणि ३१ रिबाउंड्स (चुकलेला शॉट पकडणं). त्या सीझनला टीम फायनलला गेली, २३ मार्च १९५७, कॅन्सस सिटी, समोर नॉर्थ कॅरोलिना, जी त्या वर्षी एकही मॅच हरली नव्हती. त्यांचा कोच फ्रँक मॅग्वायर, त्याने सुरुवातीच्या जंप बॉलला (बॉल वर उडवतात आणि दोघं त्यासाठी उडी मारतात) विल्टसमोर टॉमी कर्न्सला उभं केलं, टीममधल्या सगळ्यात बुटक्या पोरांपैकी एक! उद्देश एवढाच की विल्टच्या डोक्यात किडा सोडायचा. आणि पूर्ण मॅच विल्टच्या भोवती तीन-तीन माणसं. तीन ओव्हरटाइम झाले. शेवटचे सहा सेकंद राहिलेले असताना नॉर्थ कॅरोलिनाच्या जो क्विगने दोन फ्री थ्रो (फाउलबद्दल मिळणारे मोकळे शॉट) टाकले आणि ५४–५३. एका पॉइंटने गेली. हरलेल्या टीममध्ये असूनही टुर्नामेंटचा सर्वोत्तम खेळाडू विल्टच ठरला, पण लोकांनी लक्षात काय ठेवलं तर तो हरला.

त्यात तो काळा होता आणि ते १९५७ होतं. त्याच टुर्नामेंटमध्ये डॅलसला खेळताना त्याला काय काय ऐकावं लागलं, अंगावर काय काय फेकलं गेलं ते वाचलं की पोटात कालवतं. लॉरेन्स आणि कॅन्सस सिटीमधल्या हॉटेलांत काळ्या लोकांना बसू देत नसत, हा सरळ जाऊन बसायचा आणि याला उठवायची कुणाची हिंमत नसायची. आणखी एक सीझन खेळला आणि शेवटचं वर्ष न करताच सोडून गेला, हार्लेम ग्लोबट्रॉटर्स या फिरत्या व्यावसायिक टीमकडे.

मग कितीतरी वर्षं तो फारसा परत आलाच नाही. त्याला वाटायचं लॉरेन्सचे लोक आपल्यावर नाराज असतील, आपण त्यांना टायटल दिलं नाही. जानेवारी १९९८ ला त्याची जर्सी रिटायर करायला (सन्मानाने टांगून ठेवायला) बोलावलं तेव्हा तो आला, अंगात कॉलेजचं जुनं जॅकेट, आणि माइकवर त्याने हेच सांगितलं की ४० वर्षं मनात होतं की मी या युनिव्हर्सिटीला निराश केलं. सगळं फील्डहाउस (टीमचं घरचं स्टेडियम) उभं राहून टाळ्या वाजवत होतं. पुढच्या वर्षी, १९९९ ला, तो गेला. ट्रॉफी किती हे विचारणाऱ्यांना मी ही गोष्ट सांगते.

---

फुलटॉस

ही गोष्ट माहीत नव्हती. धन्यवाद. चांगली लिहिलीत.

---

गावठी_चहा

लॉरेन्समध्ये राहिलोय मी पण, तुमच्या बऱ्याच आधी बहुतेक. ॲलन फील्डहाउसबद्दल लिहितो.

बाहेरून बघितलं तर चुनखडीच्या दगडाची एक मोठी जुनी इमारत, गोदाम वाटावं अशी. १ मार्च १९५५ ला उघडलं, पहिली मॅच कॅन्सस स्टेटविरुद्ध, ७७–६७ जिंकली. २०२४ पर्यंत १६,३०० लोक बसायचे आणि खुर्च्या नाहीत बहुतेक ठिकाणी, लाकडी बाकं, त्यामुळे सगळे मांडीला मांडी लावून. विद्यार्थी मॅचच्या कितीतरी आधीपासून नंबर लावतात, ग्रुप करून पाळ्या लावतात, हॉलमध्येच अभ्यास करतात. समोरच्या टीमची नावं पुकारताना सगळे विद्यार्थी पेपर उघडून तोंडासमोर धरतात, तुमच्यात आम्हाला काही रस नाही असं दाखवायला, आणि आपली नावं सुरू झाली की त्याच पेपरचे तुकडे हवेत. जिंकलं की दोन्ही हात वर करून सगळे सावकाश डोलतात, वाऱ्यावर गव्हाचं शेत हललं की दिसतं तसं. कॅन्सस म्हणजे गव्हाचं राज्य.

आणि "रॉक चॉक जेहॉक, केयू" ही आरोळी. ती बास्केटबॉलपेक्षा जुनी आहे, १८८६ मध्ये केमिस्ट्रीच्या प्रोफेसरांनी सायन्स क्लबसाठी काढलेली. मॅच हातात आली की शेवटची एक-दोन मिनिटं ती अगदी संथ लयीत म्हणतात, हजारो लोक एकदम. कीर्तनात सगळा मंडप विठ्ठल विठ्ठल करायला लागला की अंगावर जो काटा येतो तोच येतो, दुसरं काही सांगता येत नाही.

आवाजाचं सांगायचं तर १३ फेब्रुवारी २०१७, वेस्ट व्हर्जिनियाविरुद्ध, गिनीजवाले मोजायला आलेले, १३०.४ डेसिबल, तेव्हाचा इनडोअर मॅचचा वर्ल्ड रेकॉर्ड. आणि मॅच पण काय झाली! शेवटची तीन मिनिटं सुद्धा राहिली नव्हती आणि १४ ने मागे, लोक जॅकेट घालून निघायला लागलेले, तिथून बरोबरी करून ओव्हरटाइममध्ये ८४–८०.

शेजारच्या इमारतीत नायस्मिथचे ते मूळ १३ नियमांचे कागद ठेवलेत. २०१० ला लिलावात ४३ लाख डॉलर्सच्या वर देऊन केयूच्या एका माजी विद्यार्थ्याने घेतले आणि युनिव्हर्सिटीला दिले. टाइप केलेली दोन पानं. मी नंतर मुद्दाम जाऊन बघून आलोय. रस्त्याचं नाव पण नायस्मिथ ड्राइव्ह.

---

सांजवारा

गावठी_चहा दादा, काय आठवणी काढल्यात!! आम्ही पण तिथेच फरशीवर बसून असाइनमेंट करायचो.

---

मस्तान_तलाव

मुंबई नागपाड्याचा आहे. नायस्मिथ आणि वायएमसीए वाचून राहवलं नाही म्हणून लिहितो. स्प्रिंगफील्डच्या त्याच शाळेत शिकलेला हॅरी बक नावाचा माणूस मद्रासला आला आणि १९२० मध्ये वायएमसीएचं शारीरिक शिक्षणाचं कॉलेज काढलं, तिथून शिकून गेलेल्या लोकांनी भारतभर बास्केटबॉल नेला. म्हणजे नायस्मिथने लावलेली एक फांदी कॅन्ससला गेली आणि एक आमच्याकडे आली. आमचा अब्बास मुंतसिर याच गल्ल्यांत खेळून भारताचा कॅप्टन झाला, १९७० चा अर्जुन पुरस्कार. आमच्याकडे सिमेंटचं कोर्ट, पडलं की गुडघा सोलून निघतो, पण पोरं हटत नाहीत. तेव्हा छोट्या गावातल्या माणसांना एका टीमचं एवढं काय, हा प्रश्न मला पडत नाही.

---

निळी_शाई

मला एक वेगळं नाव घ्यायचं आहे, कारण केयूचा इतिहास सांगताना ते बऱ्याचदा राहून जातं. जॉन मॅक्लेंडन. १९३० च्या दशकात हा मुलगा केयूमध्ये शारीरिक शिक्षण शिकायला आला, खुद्द नायस्मिथ त्याचा मार्गदर्शक. पण काळा असल्यामुळे केयूच्या टीममध्ये त्याला खेळायला बंदी. विचार करा, खेळ शोधणारा माणूस तुम्हाला शिकवतोय आणि त्याच कॉलेजच्या टीमचा दरवाजा बंद आहे.

१९३६ ला डिग्री घेऊन तो नॉर्थ कॅरोलिनातल्या डरहॅमच्या काळ्या मुलांच्या कॉलेजात कोच झाला. वेगात धावून खेळायचं, पूर्ण कोर्टभर दबाव टाकायचा, आज सगळे खेळतात त्यातलं बरंचसं त्याने तेव्हा बसवलं. १९४४ च्या मार्चमध्ये एका रविवारी सकाळी, लोक चर्चमध्ये असताना, त्याच्या टीमने ड्यूकच्या मेडिकल स्कूलच्या गोऱ्या टीमशी दारं बंद करून मॅच खेळली, कारण तिथे काळ्या-गोऱ्यांनी एकत्र खेळणंच कायद्याला धरून नव्हतं. ८८–४४ जिंकली मॅक्लेंडनच्या मुलांनी. पुढे टेनेसी ए अँड आयला त्याने १९५७, ५८, ५९ सलग तीन राष्ट्रीय टायटल (एनएआयए या छोट्या कॉलेजांच्या संघटनेची) घेतली. केयूच्या टीमवर पहिला काळा खेळाडू आला तो १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला, लव्हॅनेस स्क्वायर्स.

धागाकर्तीने लिहिलंय की केयूने खेळ दुसऱ्यांना दिला. खरं आहे, पण ज्यांना दिला त्यातल्या एकाला स्वतःच्या घरात जागा दिली नव्हती, हेही लिहिलं गेलं पाहिजे.

---

सांजवारा

@निळी_शाई, हे इथे आलं ते फार बरं झालं. माझ्या मते रप आणि स्मिथच्या आधी मॅक्लेंडनचं नाव घ्यायला हवं. आणि रपच्या केंटकीत पहिला काळा खेळाडू यायला १९७० च्या आसपासचा काळ उजाडला, तेव्हा दोघांची तुलना केली तर नायस्मिथचा खरा शिष्य कोण ते कळतंच.

---

फुलटॉस

१९८८ चं कुणीतरी लिहा. मी इतकंच ऐकलंय की त्यांची ती सगळ्यात कमजोर चॅम्पियन टीम होती.

---

गावठी_चहा

कमजोर नाही म्हणणार, जखमी म्हणेन. कोच लॅरी ब्राउन. सीझनच्या मधे १२ जिंकल्या ८ हरल्या अशी अवस्था, कुणी दुखापतीने बाहेर, कुणी दुसऱ्या कारणाने. टुर्नामेंटमध्ये सहावं सीड (मानांकन). एकूण रेकॉर्ड २७–११, एवढ्या मॅचेस हरून चॅम्पियन झालेली दुसरी टीम नाही. पण त्यांच्याकडे डॅनी मॅनिंग होता, ज्याचे वडील त्याच टीमचे असिस्टंट कोच. सेमीला ड्यूकला हरवलं आणि फायनलला ओक्लाहोमा, ज्यांनी त्याच सीझनमध्ये केयूला दोनदा हरवलेलं. कॅन्सस सिटीत मॅच. हाफटाइमला ५०–५०, सगळे म्हणत होते ओक्लाहोमाच्या वेगात केयू वाहून जाणार, दुसऱ्या हाफमध्ये ब्राउनने वेग मुद्दाम कमी केला. ८३–७९. मॅनिंगचे ३१ पॉइंट्स, १८ रिबाउंड्स. "डॅनी अँड द मिरॅकल्स" म्हणतात त्या टीमला.

आणि लगेच ब्राउन एनबीएला निघून गेला आणि भरतीतल्या नियमभंगामुळे १९८९ च्या टुर्नामेंटमध्ये केयूला बंदी. चॅम्पियनला पुढच्या वर्षी खेळताच आलं नाही असं पहिल्यांदाच झालं.

---

कडू_कारलं

हे बरं आठवलं. २०१८ चं पण सांगा की मग. एफबीआयची चौकशी, शूज कंपनीच्या माणसांनी खेळाडूंच्या घरच्यांना पैसे दिले, २०१८ चं फायनल फोर (टुर्नामेंटच्या शेवटच्या चारांत पोचणं) रेकॉर्डमधून पुसलं. यावर चाहते गप्प असतात.

---

सांजवारा

गप्प नाही, लिहिते.

ऑक्टोबर २०२३ ला निकाल लागला. २०१७-१८ च्या १५ मॅचेस, त्या वर्षीचं कॉन्फरन्स टायटल आणि फायनल फोर रद्द झालं, तीन वर्षं प्रोबेशन. त्याआधी युनिव्हर्सिटीने स्वतःहून सेल्फला चार मॅचेस बाहेर बसवलं होतं. फील्डहाउसमधला त्या फायनल फोरचा बॅनर उतरवला. मला विचाराल तर उतरवला ते योग्यच. अपात्र खेळाडू खेळला असेल तर ती मॅच मोजायची नाही, यात मला काही दुमत नाही. सलग १४ मधलं एक गेलं म्हणजे यूसीएलएशी बरोबरी राहिली, ठीक आहे.

वाईट वाटतं ते बाकीच्या पोरांचं, ज्यांचा यात काही संबंध नव्हता, त्यांनी ड्यूकला ओव्हरटाइममध्ये हरवून ते फायनल फोर गाठलं होतं. आणि एक राग आहे तो सांगतेच, या खेळावर शेकडो कोटी कमावणाऱ्या व्यवस्थेने इतकी वर्षं खेळणाऱ्या पोरांना स्कॉलरशिपपलीकडे अधिकृतपणे काही मिळू दिलं नाही, २०२१ नंतर नाव आणि चेहऱ्याचे पैसे घ्यायला परवानगी आली. त्याने तेव्हाची चूक माफ होत नाही पण ती कुठून आली ते समजतं.

---

विदर्भाचा पाटील

बरोबर बोलल्या ताई. बरं, शेजारच्या मिझुरीशी यांचं काय वैर आहे? एका मित्राने सांगितलं की कॅन्ससवाल्यासमोर मिझुरीचं नाव नको घेऊ बापा.

---

निळी_शाई

ते खेळाच्या आधीचं आहे. १८५० च्या दशकात कॅन्ससमध्ये गुलामगिरी असावी की नाही यावरून दोन्हीकडची माणसं सीमेवर एकमेकांना मारत होती. २१ ऑगस्ट १८६३ ला मिझुरीकडून क्वांट्रिलची टोळी आली आणि लॉरेन्स जाळलं, दीडशेच्या वर पुरुष आणि मुलगे मारले. जेहॉकर हे नाव त्याच काळातल्या कॅन्ससच्या लढवय्यांचं, पुढे टीमने घेतलं.

---

सांजवारा

आणि त्या वैराची सगळ्यात मोठी मॅच २५ फेब्रुवारी २०१२. मिझुरी कॉन्फरन्स सोडून जाणार होती, म्हणून फील्डहाउसमधली त्यांची कॉन्फरन्सची ही शेवटची मॅच. केयू १९ ने मागे. १९!

इथे थॉमस रॉबिन्सनबद्दल सांगायलाच हवं. आदल्या वर्षी, जानेवारी २०११ च्या आसपास, महिन्याभरात त्याची आजी गेली, आजोबा गेले आणि मग आई गेली. मागे फक्त धाकटी बहीण. आई गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी टेक्ससविरुद्ध मॅच होती, घरच्या मैदानावर सलग ६९ जिंकलेली टीम त्या दिवशी हरली आणि त्या हरण्याचं कुणाला काही वाटलंच नाही. सगळी टीम अंत्यसंस्काराला गेली. आणि वर्षाने हाच मुलगा देशातल्या सर्वोत्तम खेळाडूंपैकी एक. मिझुरीच्या मॅचला बरोबरी झालेली, शेवटचे सेकंद, त्यांचा पोरगा बास्केटकडे घुसला आणि रॉबिन्सनने वरून ब्लॉक मारला. ओव्हरटाइम, ८७–८६. त्या सीझनला टीम फायनलपर्यंत गेली, केंटकीकडे ५९–६७ हरली, समोर त्यांचा स्टार अँथनी डेव्हिस होता. पण रॉबिन्सनचा तो ब्लॉक कुणी विसरणार नाही.

पुढे जवळजवळ दहा वर्षं दोन्ही कॉलेजं एकमेकांशी अधिकृत मॅच खेळलीच नाहीत, डिसेंबर २०२१ ला परत सुरू झालं आणि केयूने १०२–६५ ने जिंकली.

---

कडू_कारलं

आता मार्चमधल्या फजितीचं पण होऊन जाऊ दे. बकनेल, ब्रॅडली, नॉर्दर्न आयोवा, व्हीसीयू.

---

गावठी_चहा

घ्या, आमचं दुःख आम्हीच सांगतो. २००५ बकनेल ६४–६३, २००६ ब्रॅडली, दोन्ही पहिल्याच राउंडला. २०१० मध्ये सगळ्या टुर्नामेंटमध्ये पहिला नंबर होता आणि दुसऱ्या राउंडला नॉर्दर्न आयोवा, त्यांच्या अली फारुखमनेशने एका पॉइंटची आघाडी असताना, घड्याळ संपवायचं सोडून, सरळ थ्री (लांबून मारायचा तीन पॉइंट्सचा शॉट) मारला आणि गेला तो आत. ६९–६७. २०११ ला अकरावं सीड व्हीसीयू, फायनल फोरच्या दारात, ७१–६१. त्याच्याही आधी १९९७ ला आमचा तेव्हाचा कोच रॉय विल्यम्सची टीम, पॉल पिअर्स, लाफ्रेंट्झ, जॅक व्हॉन, ३४–२ चा सीझन आणि ॲरिझोनाकडून तीन पॉइंट्सने बाहेर. २००३ ची फायनल सिराक्यूजविरुद्ध ८१–७८, फ्री थ्रो ३० पैकी १२. बारा! थोडे अजून गेले असते तर टायटल होतं. आणि रॉय विल्यम्स काही दिवसांत नॉर्थ कॅरोलिनाला निघून गेला, १५ वर्षांत ४१८ मॅचेस जिंकून. तो निघून गेला ते लोकांना फार लागलं.

२०२० चं तर कुणाचीच चूक नाही. २८–३, देशात पहिला नंबर, आणि कोव्हिडमुळे टुर्नामेंटच रद्द.

---

सांजवारा

म्हणूनच २००८ आणि २०२२ चं एवढं महत्त्व आहे.

२००८, सॅन अँटोनियो. सेमीला समोर कोण, तर रॉय विल्यम्सची नॉर्थ कॅरोलिना. एका क्षणी ४०–१२ होतं. फायनलला मेम्फिस, त्यांचा स्टार डेरिक रोज. दोन मिनिटं बारा सेकंद राहिलेत आणि केयू ९ ने मागे. मग केयूच्या शेरॉन कॉलिन्सने बॉल चोरला आणि थ्री मारला, मेम्फिसचे फ्री थ्रो एकामागोमाग चुकायला लागले, शेवटी ६३–६०, कॉलिन्स बॉल घेऊन धावत आला, पडता पडता मारिओ चाल्मर्सला दिला आणि चाल्मर्सने अंगावर माणूस असताना थ्री टाकला, घड्याळात २.१ सेकंद. ओव्हरटाइममध्ये ७५–६८.

२०२२ न्यू ऑर्लिन्स, परत नॉर्थ कॅरोलिना, दोन दिवस आधी ड्यूकला हरवून त्यांचा नावाजलेला कोच माइक शशेव्हस्की ("कोच के") याची शेवटची मॅच करून आलेले. भारतात मंगळवार सकाळ होती, मी आईकडे आलेले, ती पोहे घेऊन उभी आणि मी टीव्हीसमोर रडवेली, हाफटाइमला ४०–२५. सगळ्यात जास्त १६ ने मागे होतो. फायनलमध्ये एवढ्या मागून आजपर्यंत कुणी जिंकलं नव्हतं. दुसऱ्या हाफमध्ये डिफेन्सच बदलला, रेमी मार्टिनचे थ्री, शेवटी डेव्हिड मकॉर्मकचे दोन बास्केट, ७२–६९. ओचाई अगबाजी सर्वोत्तम खेळाडू. आणि लक्षात घ्या, १९५७ ला तीन ओव्हरटाइममध्ये जिथे गेली होती तीच समोरची टीम. विल्ट असायला हवा होता बघायला.

---

फुलटॉस

मी माझं मत थोडं बदलतो. टायटल कमी आहेत हे अजूनही म्हणेन, दहा फायनल आणि चार जिंकल्या. पण चारातल्या दोन अशा जिंकल्यात की हरलेल्याच होत्या.

आता काय स्थिती आहे?

---

गावठी_चहा

२०२२ नंतर मार्च बरा गेला नाही. २०२३ ला सेल्फची हृदयाची प्रोसिजर झालेली, तो बेंचवर नव्हता, आर्कन्सॉकडून एका पॉइंटने. २०२४ ला गॉन्झागाने २१ ने धुतलं. २०२५ ला परत आर्कन्सॉ, पहिल्याच राउंडला. माझं मत विचाराल तर खेळाडू दरवर्षी कॉलेज बदलायला लागलेत, त्यामुळे दोन-तीन वर्षं एकत्र मुरलेली टीम बांधणं अवघड झालंय आणि सेल्फच्या चांगल्या टीम्स सगळ्या मुरलेल्या होत्या. २००८ ची बघा, २०२२ ची बघा, अगबाजी चार वर्षं होता.

---

मस्तान_तलाव

आमच्या इथली पोरं विचारतायत कुठली मॅच दाखवू. पूर्ण मॅच हवी, हायलाइट्स नको.

---

सांजवारा

@मस्तान_तलाव, २००८ ची फायनल दाखवा, पण शेवटची पाच मिनिटं नुसती नको, सुरुवातीपासून, म्हणजे रोजने मधे काय धुमाकूळ घातला होता ते कळेल. मग २०१२ ची मिझुरी. आणि फ्री थ्रोचा सराव करून घ्यायचा असेल तर २००३ ची फायनल, पोरांना मुद्दाम बसवून दाखवा आणि चुकलेले फ्री थ्रो त्यांनाच मोजायला सांगा.

१९५७ चे जुने काळे-पांढरे तुकडे मिळतात ते मी वेगळे जमवतेय, मॅक्लेंडनबद्दल @निळी_शाई यांनी सविस्तर लिहावं अशी विनंती, जमलं तर वेगळा धागाच काढा.